मॅकरोनी, मार्को पोलो आणि माझी चूक

गेल्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी सहकुटुंब घरी आला होता. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात मागच्या बाकावर बसणारा मुलगा, आता कपाळावरचे केस मागे सरकलेले, सोबत बायको आणि बारा वर्षांची मुलगी. येण्याचं आयत्या वेळी कळलं. घरात भाजी फारशी नव्हती. सकाळी भिजत घातलेले काबुली चणे होते, पास्त्याचं एक पाकीट होतं, लसूण होता. मी तेवढ्यावरच रात्रीचं जेवण केलं. मुलीला आवडलं. तिनं विचारलं, "आजी, तुमच्या काळी पास्ता होता?"

मी उत्तर देणार तेवढ्यात तिचे वडील म्हणाले, "अगं, हा मूळचा चीनचा. मार्को पोलोनं तिकडून शेवया इटलीत नेल्या. आम्हाला बाईंनीच शिकवलंय!"

घास माझ्या घशात अडकला. कारण ते खरं होतं. म्हणजे मी शिकवलं होतं हे खरं होतं. मी शिकवलेलं खरं नव्हतं!

पाठ्यपुस्तकात हे वाक्य कधीच नव्हतं. पण मार्को पोलोचा धडा आला की वर्ग पेंगायला लागायचा, आणि मग मी ही शेवयांची गोष्ट काढायची. पोरं लगेच जागी व्हायची. कुठेतरी वाचलेली, कुणाकडून तरी ऐकलेली गोष्ट. तपासून पाहावी असं मला वर्षानुवर्षं वाटलं नाही. किती वर्गांना सांगितली असेल याचा हिशेब केला तर लाज वाटते. तेव्हा आजचा हा लेख म्हणजे एका परीनं शुद्धिपत्रक आहे. विषय मात्र साधा आहे: घरी करायचं स्वस्तातलं, शाकाहारी पास्त्याचं जेवण. ते स्वस्त कसं झालं, कुणासाठी झालं, आणि ज्यांच्या नावावर ते खपवलं जातं त्या गरिबांच्या ताटात ते खरोखर होतं का, हे पाहू या.

आधी मार्को पोलोचा निकाल लावते. तो चीनहून व्हेनिसला परतला १२९५ साली. आता त्याच्या आधीची एक नोंद पाहा. जिनोआ शहरात १२७९ साली पोंझिओ बास्तोने नावाच्या माणसाच्या मालमत्तेची यादी एका नोटरीनं केली. त्या यादीत मॅकरोनीनं भरलेली एक पेटी आहे. वारसाहक्काच्या कागदात लिहिण्याइतकी ती किमती होती, आणि पेटीत राहत होती म्हणजे वाळवलेली होती. मार्को पोलो तेव्हा अजून कुब्लाई खानाच्या मुलखात होता.

त्याहून जुना पुरावा सिसिलीचा. तिथला राजा दुसरा रॉजर धर्मानं ख्रिश्चन, पण त्याच्या दरबारात अरब विद्वानांना मोठा मान होता. त्यांपैकी अल-इद्रिसी या भूगोलकारानं राजासाठी एक प्रचंड ग्रंथ लिहून ११५४ साली पुरा केला. त्यात पालेर्मोजवळच्या त्राबिया या गावाचं वर्णन आहे. वाहतं पाणी, पाणचक्क्या, आणि तिथं 'इत्रिय्या' इतकी तयार होते की जहाजं भरभरून कालाब्रियात आणि मुसलमान व ख्रिश्चन अशा दोन्ही मुलखांत जाते, असं तो लिहितो. इत्रिय्या म्हणजे वाळवलेल्या शेवया. म्हणजे मार्को पोलोच्या जन्माच्या शंभर वर्षं आधी सिसिलीतून शेवयांची निर्यात चालू होती!

चिनी लोकांच्या शेवया जुन्या आहेत यात शंका नाही. चीनमधल्या लाजिया इथं उत्खननात पालथ्या वाडग्याखाली सुमारे ४००० वर्षांपूर्वीच्या शेवया सापडल्याचं २००५ साली जाहीर झालं. पण चीननं आपल्या शेवया केल्या आणि भूमध्य समुद्राकाठच्या लोकांनी आपल्या. पीठ भिजवून त्याचे दोरे ओढायला कुणाच्या परवानगीची गरज नसते. आपल्या आज्या-पणज्यांनी पाटावर शेवया वळल्या, नखुल्या, गव्हले, मालत्या केल्या, त्या काय मार्को पोलोला विचारून?

मग ही गोष्ट आली कुठून? अमेरिकेतल्या मॅकरोनी उत्पादकांच्या संघटनेचं एक मासिक होतं, 'मॅकरोनी जर्नल'. त्यात १९२९ साली एक रंजक कथा छापून आली. मार्को पोलोच्या जहाजावरच्या एका खलाशानं चीनच्या किनाऱ्यावर शेवया करताना पाहिल्या आणि त्या खलाशाचं नाव म्हणे स्पॅगेटी! धंदा वाढवण्यासाठी केलेली ती करमणूक होती. १९३८ साली मार्को पोलोवर हॉलीवूडचा चित्रपट निघाला, त्यातही स्पॅगेटीचा प्रसंग घातला गेला. तिथून फिरत फिरत ती गोष्ट महाराष्ट्रातल्या एका शाळेच्या आठवीच्या वर्गात माझ्या तोंडून पोचली. जाहिरात किती दूर जाते पाहा.

असो. ही झाली पहिली चूक. दुसरी चूक मी अलीकडे करत होते आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते.

गेली काही वर्षं मी पास्ता वाढताना पाहुण्यांना ऐकवायची, "हे इटलीतल्या गरिबांचं जेवण, बरं का!" इटालियन पाककृतींच्या पुस्तकांत आणि व्हिडिओंत हेच वाक्य असतं. त्यांच्याकडे 'गरिबांचा स्वयंपाक' या अर्थाचा खास शब्दप्रयोगच आहे, कुचिना पोवेरा. हॉटेलवाल्यांनाही तो फार आवडतो. गरिबांचं जेवण म्हटलं की थाळीची किंमत वाढते, ही एक गंमतच. पण इतिहास पाहिला तर शेकडो वर्षं गरिबाच्या ताटात पास्ता नव्हता. त्याच्या स्वप्नात होता.

हे अगदी शब्दशः. चौदाव्या शतकाच्या मध्यावर बोकाच्चोनं 'डेकॅमेरॉन' लिहिलं. त्यात एका भोळ्या माणसाला फसवण्यासाठी दोघे मित्र त्याला बेंगोदी नावाच्या देशाचं वर्णन ऐकवतात. तिथं म्हणे किसलेल्या चीजचा डोंगर आहे, आणि त्या डोंगरावर बसलेले लोक मॅकरोनी शिजवून खाली लोटून देतात, ज्याला जितकी हवी तितकी त्यानं उचलावी. आपल्याकडे तुपा-मधाच्या नद्या वाहतात तसं हे. नद्या कशाच्या वाहतात? जे घरात नसतं त्याच्या.

पंधराव्या शतकातला नामांकित आचारी मार्तिनो हा बड्या घरचा. त्याच्या पोथीतल्या सिसिलियन मॅकरोनीवर लोणी, किसलेलं चीज आणि गोड मसाले घालायचे असतात, आणि ती शिजवायची किती वेळ, तर दोन तास! पुढे पोपचा आचारी बार्तोलोमेओ स्काप्पी, त्याचा ग्रंथ १५७० चा. त्यातही साखर आणि दालचिनी आहेच. साखर तेव्हा औषधाच्या दुकानात मिळणारी चीज. म्हणजे ही सणासुदीची, श्रीमंत घरची गोष्ट. नेपल्समध्ये तर १५०९ साली हुकूम निघाला होता की युद्धामुळे, दुष्काळामुळे पिठाचा भाव चढला तर मॅकरोनी वगैरे करायची नाही. बंदी नेहमी चैनीवर येते. भाकरीवर कुणी बंदी घालत नाही.

आता ती स्वस्त कशी झाली, हा खरा इतिहास. त्याचं गाव नेपल्स. नेपल्सच्या लोकांना पूर्वी इटलीत इतर लोक चिडवत, 'पालेखाऊ' म्हणून. कोबी आणि पालेभाजी, जोडीला थोडं मांस, हे तिथल्या सामान्य माणसाचं जेवण. सतराव्या शतकात हेच लोक 'मॅकरोनीखाऊ' झाले. हे का घडलं यावर एमिलिओ सेरेनी या इतिहासकारानं १९५८ साली एक गाजलेला निबंध लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. स्पॅनिश अंमलात खेड्यांतून माणसं शहरात लोटली, नेपल्स युरोपातल्या सर्वांत मोठ्या शहरांपैकी एक झालं. इतक्या माणसांना पुरेल एवढं मांस आणि भाजी भोवतालच्या मुलखातून येईना. करांचा बोजा वेगळाच. १६४७ मध्ये फळांवर कर बसवला म्हणून मासानिएल्लो नावाच्या एका कोळ्याच्या पुढारीपणाखाली शहर पेटून उठलं होतं! अशा वेळी पोट भरायचं कशानं? धान्यानं. आणि धान्याचा साठवायला सोपा, शिजवायला सोपा, बाजारात तयार मिळणारा प्रकार म्हणजे वाळवलेला पास्ता.

त्याच सुमारास यंत्रं आली. पीठ मळायचं यंत्र आणि मळलेलं पीठ भोकांच्या चकतीतून दाबून काढायचा दाब. आपला सोऱ्या डोळ्यांसमोर आणा, फक्त माणसापेक्षा उंच. हातानं वळायला दिवस लागायचा ते काम आता तासांत होऊ लागलं. पास्त्याचा भाव उतरला, मांसाचा चढला, आणि दोन्ही रेघा एकमेकींना छेदून गेल्या. नेपल्सच्या गरिबाचं ताट बदललं ते या छेदापाशी. त्याची आवड बदलली म्हणून हे झालं नाही. मला हे वाचताना आपल्या गिरणगावाची आठवण झाली. तिथंही खेड्यातून आलेल्या माणसाचं जेवण वेळेनं आणि पगारानं ठरवलं.

यात गव्हाचाही वाटा आहे. पास्ता ज्या गव्हाचा होतो तो ड्युरम, कठीण दाण्याचा, पिवळसर. याचं पीठ पडत नाही, रवा पडतो. रवा पाण्यात मळला की घट्ट गोळा होतो, अंडं लागत नाही, आणि वाळवल्यावर वर्षभरसुद्धा टिकतो. आपल्याकडचा बन्सी गहू हा याच जातीचा. आणि खपली हा त्याचा थोरला भाऊ म्हणावा असा. आज इटलीत 'फार्रो' म्हणून जो गहू विकतात तो बहुतेक करून आपला खपलीच. हे मला कळलं तेव्हा फार बरं वाटलं. आई शेवयांना आणि खिरीला खपलीच लागते म्हणून हट्ट धरायची, ते उगीच नव्हतं.

वाळवणं ही तर कलाच. नेपल्सजवळ ग्रान्यानो नावाचं गाव आहे. मागे डोंगर, दरीत पाणचक्क्या, समोरून समुद्राचा वारा. तिथं घराघरांपुढे, भर रस्त्यावर बांबूच्या दांड्यांवर पास्ता वाळत घातलेला असायचा, जुन्या छायाचित्रांत तो दिसतो. भरभर वाळला तर तडकतो, हळू वाळला तर आंबतो. हवा पाहून दांड्या आत-बाहेर करायच्या. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया राखणाऱ्या कुणालाही हे समजावून सांगायला नको. ग्रान्यानोच्या पास्त्याला २०१३ साली युरोपीय संघानं भौगोलिक मानांकनही दिलं.

जर्मन कवी गटे १७८७ साली नेपल्सला गेला होता. मॅकरोनी जिथं तिथं आणि अगदी थोड्या पैशांत मिळते, बहुधा नुसती पाण्यात उकडलेली असते, आणि वरचं किसलेलं चीज हेच तिचं तूप आणि हाच मसाला, असं त्यानं नोंदवलं आहे. रस्त्याच्या कडेला मोठी कढई, चुलीचा धूर, आणि माणसं मान मागे टाकून हातानं लांब मॅकरोनी तोंडात सोडताहेत, अशी चित्रं पुढे परदेशी प्रवाशांसाठी शेकड्यांनी विकली गेली. गरिबाचं जेवण पाहायला पैसे मोजणारे तेव्हाही होते तर!

आणि टोमॅटो? तो आज इतका एकजीव झाला आहे की त्याच्याशिवाय पास्ता सुचत नाही. पण गटेच्या त्या मॅकरोनीवर टोमॅटो नाही. टोमॅटो अमेरिका खंडातून सोळाव्या शतकातच इटलीत पोचला होता. अंतोनिओ लातिनी या आचाऱ्यानं १६९२ साली नेपल्समध्ये छापलेल्या ग्रंथात टोमॅटोची चटणीवजा कृती दिली आहे, पण ती पास्त्यासाठी नव्हे. टोमॅटोतल्या शेवयांची कृती इप्पोलितो काव्हालकांती या नेपल्सच्या उमरावाच्या पुस्तकात सापडते, ती १८३० च्या दशकात. म्हणजे इकडे पेशवाई बुडून वीस वर्षं होत आली तेव्हा!

आतापर्यंतची हकीकत दक्षिणेची, आणि तीही शहरातली. उत्तरेकडच्या शेतमजुराचं काय? त्याच्या ताटात पास्ता नव्हताच. त्याच्या ताटात पोलेंता होती, मक्याच्या पिठाची घट्ट पेज. सकाळी पोलेंता, रात्री पोलेंता. मकाही टोमॅटोप्रमाणे अमेरिकेतून आलेला. पीक भरघोस, त्यामुळे जमीनदारानं गहू विकायचा आणि मजुरानं मका खायचा अशी वाटणी झाली. अठराव्या शतकात तिकडे एक विचित्र रोग दिसू लागला. उन्हानं कातडी सोलून निघायची, हगवण लागायची, आणि शेवटी वेड. लोकांच्या बोलीतलं त्याचं नाव पेलाग्रा, म्हणजे खरखरीत कातडी. फ्रापोल्ली या मिलानच्या वैद्यानं १७७१ साली ते ग्रंथात आणलं. १८८१ च्या सरकारी मोजणीत इटलीत या रोगाचे एक लाखाहून अधिक रुग्ण होते. वेड्यांची इस्पितळं शेतमजुरांनी भरली.

कारण कळायला विसावं शतक उजाडलं. अमेरिकेत डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ पासून दाखवून दिलं की हा जंतूंचा रोग नाही, निकृष्ट एकसुरी आहाराचा आहे. १९३७ मध्ये नायसिन हे जीवनसत्त्व त्यावरचा उतारा असल्याचं कळलं. मक्यात ते असतं, पण बांधलेल्या अवस्थेत, शरीराला मिळत नाही. मेक्सिकोतले लोक मका चुन्याच्या पाण्यात उकळून मग दळतात, त्यामुळे ते सुटं होतं. युरोपनं मका नेला, ही रीत नेली नाही. बिचाऱ्या मजुरानं किंमत मोजली.

हे वाचून मी पुस्तक मिटवून बसले होते, कारण हा रोग आपल्याही दाराशी होता. दख्खनच्या पठारावर, ज्वारीवरच ज्यांचं पोट अशा गरिबांमध्ये पेलाग्रा आढळे, आणि हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेतल्या डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास त्याचा अभ्यास केला. दोष भाकरीचा नव्हे. भाकरीबरोबर डाळ, दूध, भाजी असेल तर ती उत्तम अन्न. भाकरी आणि मिरचीचा ठेचा, एवढंच वर्षानुवर्षं असेल तर मात्र माणूस आतून पोखरतो. 'गरिबांचं साधं सात्त्विक जेवण' म्हणताना आपण कोरड्यास पोटभर होतं की नुसतं बोट बुडवण्यापुरतं, हे विचारतच नाही.

मला १९७२ चा दुष्काळ आठवतो. नुकतीच बी.ए. होऊन सोलापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात शिक्षिका म्हणून लागले होते. रेशनवर लाल मिलो यायचा, अमेरिकेतून आलेली ज्वारी. तिची भाकरी थापता थापता तुटायची. वर्गातली अर्धी मुलं आई-बापांबरोबर खडी फोडायला गेलेली. उरलेल्यांच्या डब्यात लाल भाकरीचा तुकडा आणि तिखट, किंवा डबाच नाही. एक मुलगी मधल्या सुट्टीत पाणी पिऊन यायची आणि जेवले म्हणून सांगायची. शेवया? शेवया लग्नाच्या रुखवतात असायच्या. त्या मुलांना कुणी मॅकरोनीच्या डोंगराची गोष्ट सांगितली असती तर त्यांना ती पटकन समजली असती.

तर मग इटलीच्या गरिबाच्या ताटात पास्ता रोज कधी आला? याचं उत्तर मजेदार आहे. पुष्कळांच्या बाबतीत तो इटली सोडल्यावर आला! १८८० ते १९२४ या काळात चाळीस लाखांहून जास्त इटालियन अमेरिकेत गेले, बहुतेक दक्षिणेकडचे, भूमिहीन. हासिया डायनर या इतिहासकार बाईंनी या स्थलांतरितांच्या खाण्यावर पुस्तक लिहिलं आहे. गावाकडे जे फक्त जमीनदाराच्या घरी किंवा सणाला दिसे ते, म्हणजे पास्ता, चीज, मांस, न्यूयॉर्कमध्ये कारखान्यातल्या मजुरीवर रोज परवडू लागलं. आणि मग ते त्याला 'आमच्या गावचं जेवण' म्हणू लागले. त्यांनी गावचा स्वयंपाक सोबत नेला असं आपण समजतो. खरं तर गावात जे मिळालं नाही ते त्यांनी तिकडे जाऊन शिजवलं.

इटलीत मात्र पास्त्यावर अजून एक संकट यायचं होतं. कवी मारिनेत्ती यांनी १९३० च्या डिसेंबरात जाहीरनामा काढला की पास्ता बंद करा, तो माणसाला जड, सुस्त आणि निराश करतो. भविष्यवादी राष्ट्राला तो शोभत नाही! मुसोलिनीच्या सरकारला परदेशी गव्हाची आयात खुपत होती, तेव्हा त्याऐवजी तांदूळ खा, हाही त्यात हेतू होता. लोकांनी ऐकून घेतलं आणि पास्ताच खाल्ला. दुसऱ्या महायुद्धानंतर देश सुधारला तेव्हा कुठे उत्तर-दक्षिण सगळीकडे तो रोजचा झाला. १९६७ साली तर कायदाच झाला, की इटलीत वाळवलेला पास्ता ड्युरमच्या रव्याचाच हवा. आज एकेक इटालियन वर्षाला सुमारे २३ किलो पास्ता खातो.

आता माझ्या चुलीकडे येते, नाहीतर घरची मंडळी म्हणतील, आजीनं विषय सोडला.

त्या रात्री मी केलेले चणे-पास्ता हा दक्षिण इटलीतला खरोखरच जुना आणि गरिबांना परवडणारा प्रकार. इटलीच्या टाचेशी सालेंतो नावाचा भाग आहे, तिथं याला 'चीचेरी ए त्रिया' म्हणतात. चीचेरी म्हणजे चणे, आणि त्रिया? अल-इद्रिसीची इत्रिय्या! आठ-नऊशे वर्षांपूर्वीचा अरबी शब्द त्यांच्या स्वयंपाकघरात अजून नांदतो आहे. यातली एक युक्ती मला फार आवडते. कणकेच्या पट्ट्यांतला थोडा भाग तेलात तळून वरून घालतात. कुरकुरीत लागतो, मांसाचा भास देतो म्हणे. आपल्या चकोल्या किंवा वरणफळं यांची ही सख्खी बहीणच. डाळीत कणीक शिजवायची, चण्यात पास्ता शिजवायचा. डाळ आणि गहू एका ताटात आले की एकाचं उणं दुसऱ्यानं भरून निघतं.

चौघांना दीड वाटी चणे रात्री भिजवून कुकरमध्ये मऊ करावेत. तेलात पाच-सहा लसूण पाकळ्या ठेचून, एक लाल मिरची मोडून, एक टोमॅटो चिरून परतावा. त्यात चणे त्यांच्या पाण्यासकट घालून मूठभर चणे डावानं चेचावेत, म्हणजे रस्सा दाट होतो. त्यातच दोन-अडीचशे ग्रॅम बारीक पास्ता सोडावा. ऑलिव्हचं तेल मी घालत नाही, शेंगदाण्याचं घालते. स्वस्त हवं म्हणताना परदेशी तेलाची बाटली आणणं हे माझ्या हिशेबात बसत नाही.

दुसरा प्रकार याहून सोपा. सिसिलीत ज्यांना चीज परवडत नसे ते शिळ्या पावाचा चुरा तेलात खमंग भाजून पास्त्यावर भुरभुरवत. 'गरिबाचं चीज' म्हणत त्याला. दोन दिवसांचा पाव हातानं चुरावा, लसणीबरोबर मंद आचेवर तांबूस करावा, आणि लसूण-तेलातल्या स्पॅगेटीवर घालावा. आम्हा शाकाहारी लोकांना तर हाच बरा. अस्सल पार्मेझान वासराच्या जठरातल्या रेनेटनं विरजतात, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. पास्त्याला १०० ग्रॅमला एक लिटर पाणी आणि दहा ग्रॅम मीठ हा इटालियन घराघरांतला नियम. आणि ते पाणी सगळं ओतून देऊ नये, वाटीभर ठेवावं. त्यात उतरलेल्या पिठानं तेल आणि पाणी एकजीव होऊन रस धरतो. पाकीट घेताना मात्र ड्युरमचा रवा लिहिलेला पाहून घ्या. मैद्याचा असला तर लगदा होतो.

हे सगळं मी त्या रात्री त्या मुलीला सांगितलं नाही, एवढं सुचलंही नाही. जेवणं झाल्यावर तिच्या वडिलांना मात्र म्हटलं, "अरे, ते मार्को पोलोचं मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं. तपासायला हवं होतं, मी तपासलं नाही."

तो हसला. म्हणाला, "बाई, जाऊ द्या हो. त्या धड्यातलं तेवढंच तर लक्षात राहिलंय!"

त्याला ते माझं कौतुक वाटलं. मला रात्रभर तेच टोचत राहिलं. शिकवलेल्यातलं जे रंजक आणि खोटं होतं ते टिकलं. बाकीचं वाहून गेलं. एवढी वर्षं वर्ग जागा ठेवण्यासाठी मी काय काय सांगितलं असेल?

मुलीनं मात्र जाता जाता विचारलं, "मग आजी, खरी गोष्ट काय आहे?" मी म्हटलं, लिहून ठेवते. म्हणून हे लिहिलं. तिच्या बाबांनी वाचलं तर वर्गातल्या बाकीच्यांनाही कळवावं, ही विनंती.

पावाचा चुरा मात्र मंद आचेवरच भाजा. एकदा लागला की कडू होतो.